पोरं येईनाशी होतात तेव्हा: कॉलेजातल्या नव्या मेंटॉरसाठी

प्रवेश आटोपले की स्टाफरूममध्ये एक कागद फिरतो. तुमच्या नावाखाली पंचवीस-तीस विद्यार्थ्यांची नावं, रोल नंबर, मोबाइल नंबर आणि वर ठळक अक्षरात ‘मेंटॉर-मेंटी यादी’. मेंटॉर तुम्ही, मेंटी म्हणजे ज्यांच्याकडे वर्षभर लक्ष द्यायचं ती पोरं. सोबत कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा येतो आणि कुणीतरी जाता जाता सांगतं, ‘नॅकला लागतं, भरून ठेवा.’ नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. नव्याने लागलेल्यांना, त्यातही तासिका तत्त्वावर आलेल्यांना, या कामाचं एवढंच प्रशिक्षण मिळतं.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. ही यादी दरवर्षी माझ्याकडेही येते. पहिली काही वर्षं मी हे काम चुकीचं केलं, म्हणून हा लेख.

आपण ‘गळती’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दाखला मागायला आलेला विद्यार्थी येतो. तो तर शेवटचा अंक. पोरगं कॉलेज सोडत नाही, ते येईनासं होतं. आधी पहिला तास बुडतो, मग आठवड्यातले दोन दिवस, मग एक चाचणी, मग परीक्षेचा फॉर्म राहतो आणि मग आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून घरीच. दर पायरीवर एक बारीक कारण असतं: संपलेला पास, न मिळालेला कागद, तीनशे रुपये, वर्गात झालेलं हसं. ते बारीक असतं तोवर आपल्या हातात असतं. आपलं काम तेवढंच, त्या कारणापर्यंत वेळेत पोचायचं. शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण देऊन कुणी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

पहिली भेट: फॉर्म नंतर, बस आधी

सगळ्यांना एकदम हॉलमध्ये बसवून फॉर्म भरून घेऊ नका. दोघा-तिघांना मिळून बोलवा, प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. पहिल्या पंधरा दिवसांत यादी होते. प्रश्न साधे ठेवा. गाव कुठलं? बस कुठली, किती वाजताची? ती चुकली तर पुढची कधी? हा मोबाइल तुझा की घरातला? बारावी कुठल्या माध्यमातून? कॉलेज सुटल्यावर कुठे जातोस? या शेवटच्या प्रश्नात सगळी माहिती आहे. ‘काम करतोस का?’ असं विचारलं तर बरेच जण ‘नाही’ म्हणतात. ‘सुटल्यावर कुठे जातोस’ म्हटलं की फौंड्रीतली सेकंड शिफ्ट, मामाचं मेडिकल, हुपरीतलं चांदीकाम, इचलकरंजीतला यंत्रमाग, सगळं आपोआप बाहेर येतं.

बसवर एवढा जोर का? आपल्या वर्गातली निम्मी-अधिक पोरं शहरातली नसतात. गगनबावडा, राधानगरी पन्नासेक किलोमीटरवर. शाहूवाडीच्या वरच्या वाड्यांतून आधी चालत फाट्यावर यायचं, मग मलकापूर, मग कोल्हापूर. चंदगड तर शंभर किलोमीटरच्याही पुढे, तिकडची पोरं खोली करून किंवा पाहुण्यांकडे राहतात आणि पाहुण्यांकडे राहण्याचे वेगळे हाल असतात. साडेसातच्या तासाला आठ वाजता येणारा विद्यार्थी आळशी आहे की पावणेसहाची गाडी आज आलीच नाही, हे गाव माहीत असल्याशिवाय कळत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. बारावीपर्यंत त्यांना एसटी मोफत असते, अहिल्याबाई होळकर योजनेत. एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला आल्या की ती सवलत संपते. विद्यार्थ्यांचा मासिक पास मिळतो, त्यात भाड्याच्या साधारण एक तृतीयांशच रक्कम भरावी लागते. तरी घरात जो खर्च आजवर शून्य होता, तो आता दर महिन्याला मागावा लागतो, आणि मागणं जड जातं. शिवाय पासाला बोनाफाईड, म्हणजे या कॉलेजात शिकत असल्याचा दाखला लागतो, त्याला ऑफिसच्या खिडकीवर दोन खेपा. ‘चार दिवस का नव्हतीस?’ याचं उत्तर कितीदा तरी ‘पास संपला होता’ हेच असतं. पहिल्याच आठवड्यात आपल्या यादीतल्या सगळ्यांची बोनाफाईड एकगठ्ठा करून आणा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पोरांचा आपल्यावर पहिला विश्वास तिथे बसतो.

यात नवी अक्कल काही नाही. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. तरी खेड्यातलं पोर शिकत नव्हतं, कारण शहरात अंग टाकायला जागा नव्हती आणि दोन वेळच्या भाकरीची सोय नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकेक बोर्डिंग उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यातली काही आजही दिसतात. महाराजांनी आधी अडचण पाहिली, उपदेश नंतर.

तुम्ही पुण्याकडून किंवा विदर्भातून इथे आला असाल तर एक सूचना. इकडच्या मुली ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असं बोलतात. हसू नका आणि सुधारायलाही जाऊ नका. पहिल्या भेटीत जिची भाषा दुरुस्त केली, ती दुसऱ्या भेटीत तोंड उघडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात हजेरीपट घेऊन बसा

टक्केवारी पाहू नका. ७५ टक्क्यांची अट सेमिस्टरच्या शेवटी मोजली जाते आणि तेव्हा काही करता येत नसतं. मूळ पट समोर घ्या, आपल्या यादीतल्या रोल नंबरांवर पेन्सिलीने खूण करा आणि गैरहजेरी कुठे पडते ते बघा. नेहमी पहिलाच तास रिकामा असेल तर बस. ठरावीक एकच वार असेल तर गावचा आठवडी बाजार किंवा कामाचा दिवस. एकाच विषयाला दांडी असेल तर तो विषय झेपत नाही किंवा त्या तासाला कुणीतरी टोचून बोललंय. दोघं मित्र एकदमच गायब असतील तर एकाला गाठा, दुसरा आपसूक सापडतो. सलग हजर असलेला विद्यार्थी अचानक सहा दिवस शून्य झाला, तर बाकी सगळं ठेवून त्याच दिवशी विचारपूस करा. घरात काहीतरी घडलेलं असतं.

कोल्हापुरात या हिशेबात पावसाला धरावंच लागतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गात शिकवत असताना मागच्या बाकांवर मोबाइलमध्ये तोच आकडा बघत असतात. ‘मॅडम, चाळीस झालं’ असं कुणी म्हटलं की ठरावीक गावांची पोरं दप्तर आवरायला लागतात, रस्ता बंद झाला तर अडकायला नको म्हणून. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. चिखली, आंबेवाडीकडची, शिरोळ तालुक्यातली नावं यादीत वेगळी मांडून ठेवा. पाणी उतरल्यावर त्यांना पहिल्या आठवड्यात फोन करा, पण ‘कधी येणार?’ असं विचारू नका. ‘घर कसंय? जनावरं? कागद भिजले का?’ असं विचारा. गुणपत्रिका भिजली असेल तर दुय्यम प्रत बोर्डाकडून मिळते, विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे. हे एवढं सांगितलं की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. पंधरा दिवस बुडालेल्या पोराला वर्गात परत यायची लाज वाटते. त्याच्यासाठी वह्यांचे फोटो आधीच काढून ठेवलेत, हे त्याच्या कानावर गेलं पाहिजे.

फोन करताना

इथे माझी चूक सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. यादीत पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतली मुलगी होती, अक्षर सुरेख, स्वभावाने अबोल. नऊ दिवस आली नाही. मी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला, वडिलांनी उचलला. मी अगदी कर्तव्यदक्षपणे सांगितलं, ‘तुमची मुलगी नऊ दिवस कॉलेजला आलेली नाही.’ पलीकडे काही क्षण नुसती शांतता. मग, ‘बाई, ती तर रोज सकाळी सातला घरातनं जाती.’

ती रोज शहरातल्या एका अभ्यासिकेत बसत होती. अकौंट्स डोक्यावरून जात होतं, एकदा फळ्यासमोर उभं राहून चुकलं, वर्ग हसला, तेव्हापासून तिला तिथे जाववत नव्हतं. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, पण उशिरा. वडिलांनी व्हायचा तोच अर्थ काढला होता. ती मुलगी पुन्हा कॉलेजात दिसली नाही. त्या वर्षीच्या माझ्या डायरीत ‘पालकांशी संपर्क साधला’ अशी नोंद आहे.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी विद्यार्थी स्वतः. तो मिळाला नाही तर वर्गातला मित्र किंवा मैत्रीण. मग आई. वडील सगळ्यांत शेवटी, आणि तेही काय झालंय याचा अंदाज आल्यावर. घरचाच एक मोबाइल असेल तर मी एवढंच म्हणते, ‘कॉलेजातून बोलतेय, एका फॉर्मवर सही राहिलीय, तिला मला फोन करायला सांगा.’ यात खोटं काही नसतं. आपल्याकडे कुठला ना कुठला फॉर्म कायम अर्धवट असतोच. जीवाला धोका वाटत असेल किंवा मूल घरातूनच बेपत्ता असेल तर हा क्रम अर्थातच बाजूला. तिथे घरी लगेच कळवायचं.

आणि बोलणं कसं सुरू करायचं? ‘गैरहजर का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर तयार असतं: ‘बरं नव्हतं.’ त्याऐवजी ‘अरे, सोमवारपासून दिसला नाहीस, बरायस ना?’ एवढ्यावर थांबा आणि गप्प बसा. शांतता सहन होत नाही म्हणून आपणच बोलत सुटतो, ही शिक्षकाची जुनी खोड. एका पोराशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

‘येतो की मॅडम उद्यापासनं.’

‘बरं. कुठल्या गाडीने?’

‘...’

‘पावणेसातची आहे ना तुझी?’

‘ती हाय. पण मॅडम, पैलवान मामाच्या दुकानात सकाळी मी बसतोय आता. त्यांचं ऑपरेशन झालंय.’

‘येतो की’ हे आपल्याकडचं नम्र ‘नाही’ आहे. त्यावर विश्वास ठेवून फोन ठेवला तर पोरगं गेलंच. बस विचारली की खरं काय ते कळतं. जो खरंच येणार असतो तो गाडीची वेळ सांगतो. वरच्या पोराच्या बाबतीत दुपारच्या तुकडीत बदली करून घेतली, दोन ओळींचा अर्ज आणि प्राचार्यांची सही. मामा बरे होईपर्यंत तो दुपारी येत राहिला.

पैसे नेमके कुठे अडलेत

‘परिस्थिती नाही’ हे कारण म्हणून पुरेसं नाही. नेमकं काय अडलंय ते शोधायचं, कारण पैसे बहुतेकदा नसतात असं नाही, ते वेळेवर नसतात. आपल्याकडच्या शेतकरी घरात दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, ते किराणा आणि पेंडीत जातं. मोठी रक्कम उसाची, आणि ती गळीत हंगाम सुरू होऊन ऊस तुटून गेल्यावर. फी मात्र जुलैत. प्रवेशाच्या वेळीच हप्ते पाडून मागायचा अर्ज करायला सांगा, शेवटचा हप्ता फेब्रुवारीवर टाकता आला तर उत्तम. ऑफिसला असे अर्ज नवे नसतात, फक्त पोरांना तो करता येतो हे माहीत नसतं.

शिष्यवृत्ती हा मेंटॉरचा अर्धा धंदा समजा. सगळं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पोरं तिला अजून ‘ईबीसी’च म्हणतात, मर्यादा ८ लाख. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम. प्रत्येकीच्या अटी दरवर्षी एकदा पोर्टलवर वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर सांगू नका.

पण योजना माहीत असणं ही सोपी बाजू. अर्ज जिथे अडतात ती ठिकाणं अशी.

उत्पन्नाचा दाखला संपलेला असतो. तहसीलमधून नवा यायला वेळ जातो, म्हणून तो मेमध्येच काढायला सांगायचं.

दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, हेच अनेकांना माहीत नसतं. ‘मागच्या वर्षी भरलाय की मॅडम’ असं म्हणतात आणि वर्ष हातचं जातं.

अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून ‘सेंड बॅक’ झालेला असतो, कुठलासा कागद अस्पष्ट म्हणून. त्याचा मेसेज ज्या नंबरवर जातो तो नेट कॅफेवाल्याचा असतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. फॉर्म भरताना कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, ओटीपी यायला सोपं म्हणून. आपल्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या लॉगिनने, तुमच्यासमोर, एकदा पोर्टल उघडायला लावा.

आणि सगळ्यांत गोंधळाचं: पैसे आलेत, पण विद्यार्थ्याला माहीतच नाही. सरकारी रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि दोन-तीन खाती असतील तर शेवटी ज्या बँकेत आधार सीड झालं तिथे. पोरगी जिल्हा बँकेचं पासबुक भरून आणते, तिथे काही नसतं. पैसे पडून असतात कधीतरी पोस्टात उघडलेल्या खात्यात. कुठलं खातं सीड आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं.

काही योजनांत फीची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते आणि ती त्याने कॉलेजला भरायची असते. घरात आईचं दवाखान्याचं निघालं, तर ती खर्च होते. पुढे ऑफिस हॉल तिकीट अडवतं आणि पोरगं तोंड लपवतं. अशा वेळी ‘पैसे कुठे गेले?’ असं विचारून काहीच हाती लागत नाही. किती उरलेत, किती महिन्यांत जमतील, एवढंच विचारायचं आणि त्याच्यासोबत खिडकीपर्यंत चालत जायचं. चालत जाणं महत्त्वाचं. एकट्याने गेलेलं पोरगं रांगेतूनच परत फिरतं.

‘परीक्षेचा फॉर्म भरलास का?’

वर्षभरात मेंटॉरने विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी हा निवडेन. मुदत संपली, विलंब शुल्कही गेलं, अति विलंब शुल्काची रक्कम ऐकून पोर गार पडलं, असं दर सेमिस्टरला होतं. मुदत संपायच्या चार दिवस आधी यादीतल्या प्रत्येकाला वैयक्तिक मेसेज टाका. ग्रुपवर टाकलेला मेसेज कुणालाच नसतो.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो तो आठवडा नाजूक. बारावीला ७०-७५ टक्के घेतलेली पोरं दोन विषयांत नापास होतात आणि त्यांना वाटतं सगळं संपलं. घरी ‘एटीकेटी’ (विषय राहूनही पुढच्या वर्गात बसायची सोय) म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नसतं, नापास एवढाच शब्द कळतो. त्या आठवड्यात ज्यांचे विषय राहिलेत त्यांना एकेकट्याने बोलवा आणि कागदावर लिहून द्या: हे विषय राहिले, पुढच्या वर्गात बसता येतं, हे पेपर अमुक परीक्षेला पुन्हा, त्याचा फॉर्म वेगळा भरायचा. हा वेगळा फॉर्म भरायचा राहिला म्हणून टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला पोचूनही डिग्री लटकलेले विद्यार्थी प्रत्येक कॉलेजात आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं इंग्रजी हे खरं दुखणं, त्यावर कौन्सेलिंगचा उपयोग नाही. मी पहिल्या महिन्यात विषयातल्या पन्नास शब्दांची यादी देते, डेबिट-क्रेडिट, लायबिलिटी, डेप्रिसिएशन, समोर घरच्या भाषेतला अर्थ. ‘घसारा’ म्हटल्यावर ट्रॅक्टर असलेल्या घरातल्या पोराला डेप्रिसिएशन एका मिनिटात कळतं. वाडीतल्या त्या मुलीला ही यादी मिळायला हवी होती.

नोकरी, भरती, लग्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, अशा तीन एमआयडीसी जवळ आहेत. अठराव्या वर्षी हातात पगार आला की वर्ग बेचव लागतो, यात पोराचा दोष नाही. ‘नोकरी सोड’ म्हणायचं नाही, कारण त्या पगारावर बहुधा घर चालू असतं. शिफ्ट बदलून मिळते का, कॉलेजची सकाळ-दुपार बदलता येते का, ते बघा. विद्यापीठात आणि काही कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ आहे. ही कल्पना रुजवणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, तेव्हा ही योजना आपल्याकडे तरी धूळ खात पडू नये.

नियमित वर्गात बसणं शक्यच नसेल तर शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा मुक्त विद्यापीठ सुचवायला कमीपणा मानू नका. आपल्या पटावरचं एक नाव कमी होईल, पण ते पोर शिकत राहील. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी चार क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाची नोंद, ॲकॅडमिक बँकेच्या ऑनलाइन खात्यात राहतात, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. मात्र हे बाहेर पडायचं दार म्हणून आधीच दाखवू नका. जो निघालाच आहे त्याला परतीची वाट म्हणून सांगा.

भरतीचं वेगळं. पहाटे पाचला मैदानावर पळणारा मुलगा साडेसातच्या तासाला झोपतो. त्याला झोपू द्या, निदान तो आलाय. पोलीस भरती पुढे ढकलली जाते, अग्निवीरची वयोमर्यादा उलटते, तेव्हा हातात पदवी असेल तर पुढच्या परीक्षा उरतात, एवढं एकदा आकड्यांत सांगितलं तरी पुरतं.

लग्नाबद्दल बोलताना जपून. दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं झाली की काही मुली कमी व्हायला लागतात. आईशी बोलायचं, आणि ‘लग्न करू नका’ असं न म्हणता ‘शेवटचं वर्ष आहे, पेपरला पाठवाल ना?’ असं. सासर जवळ असेल तर सासूलाही भेटा, मी दोन सासवांकडे चहा पिऊन आले आहे, दोन्ही सुना बीकॉम झाल्या. कागदाची एक गोष्ट न विसरता सांगा: पदवी हातात येईपर्यंत परीक्षेच्या फॉर्मवर नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच. मध्येच नाव बदललं की गुणपत्रिका, आधार, बँक खातं, शिष्यवृत्ती, सगळ्यांची सांगड तुटते. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र चहा नाही, थेट मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

जिथे आपलं काम थांबतं

मेंटॉर समुपदेशक नाही. कुणी मरणाची भाषा केली, हातावर खुणा दिसल्या, जेवणझोप सुटली असं लक्षात आलं, तर एकटं सोडायचं नाही, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या मोबाइलवरून, त्याच्या शेजारी बसून लावा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडेच गेली पाहिजे, ‘आपण आपल्यात मिटवू’ म्हणणारे ज्येष्ठ सहकारी भेटतील, त्यांचं ऐकू नका.

डायरी

नॅकला लागते म्हणून जी लिहाल त्यात तारीख, काय अडचण, काय केलं, पुन्हा कधी बघायचं, एवढंच. घरातली भांडणं, आजार, प्रेमप्रकरण यातलं काहीही नाही, ती फाइल उद्या कुणाच्या टेबलावर असेल सांगता येत नाही. माझी खरी यादी एका शंभरपानी वहीत आहे: नाव, गाव, गाडीची वेळ, आणि पुढे पेन्सिलीने एखादा शब्द. ‘पास’, ‘मामा’, ‘अकौंट्स’.

जाणाऱ्याला नीट जाऊ द्या

काही जातातच. त्यांना दाखल्यासाठी चार खेपा मारायला लावू नका. मूळ कागद सगळे परत गेले का, क्रेडिट खात्याचा आयडी त्याच्याकडे लिहून आहे का, राहिलेली शिष्यवृत्ती कुठल्या खात्यात येणार, ते बघा आणि तुमचा नंबर द्या. अपमान होऊन गेलेलं पोरगं परत येत नाही.

मग जून. पुढच्या वर्गाचे प्रवेश बंद व्हायच्या आठ दिवस आधी मी वही काढते आणि ज्यांनी अजून प्रवेश घेतलेला नाही त्यांना फोन लावते. गेल्या जूनमध्ये असे सहा होते. दोघांचे नंबर बंद. एक मुलगी बेळगावला नर्सिंगला गेली होती, आनंदात होती. एकाने उचललाच नाही. एक म्हणाला, ‘येतो की मॅडम.’ सहावा आधी थोडा घुटमळला, मग विचारलं, ‘लेट फी किती पडंल?’

आकडा सांगितला आणि गाडी कुठली ते विचारलं.

‘पावणेसातचीच हाय अजून,’ तो म्हणाला. ‘पण आता फाट्यावर थांबत न्हाई, गावात आत येती.’